भाजीतलं सत्त्व मोरीत जातं: निवडण्यापासून ताटापर्यंत काय सांभाळायचं

मेथीची जुडी सोडायची, पानं खुडायची, बारीक चिरायची, मग चाळणीत घालून नळाखाली धरायची. कडू लागते म्हणून मीठ चोळून दहा मिनिटं ठेवायची आणि दोन्ही तळव्यांत दाबून पिळायची. नाशिकच्या कितीतरी घरांत मेथी अशीच होते. पिळल्यावर जे गर्द हिरवं पाणी मोरीत जातं, त्यात क जीवनसत्त्व असतं, फोलेट असतं, ब गटातली इतर जीवनसत्त्वं असतात आणि पोटॅशियमही. कढईत पडतो तो चोथा अगदीच निकामी नसतो. तंतू, कॅल्शियम, बरंचसं लोह आणि कॅरोटीन (ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं ते) त्यात टिकून असतं. पण ज्यासाठी ताजी पालेभाजी आणली, त्यातला मोठा हिस्सा गॅस पेटवण्याआधीच गेलेला असतो.

भाजीतली पोषकद्रव्यं एकाच कारणाने जात नाहीत. क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात विरघळतात, उष्णतेने मोडतात आणि चिरलेल्या भागाला हवा लागली की कमी होत जातात. गाजर, लाल भोपळा आणि पालेभाज्यांतलं कॅरोटीन पाण्याला दाद देत नाही, त्याला उजेड आणि ऊन मारतं. शिवाय ते अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतं. लोह, कॅल्शियमसारखी खनिजं उष्णतेने नष्ट होत नाहीत, ती फक्त फेकलेल्या पाण्याबरोबर आणि सालीबरोबर जातात. म्हणून ‘सगळं कच्चं खा’ हा सल्ला अर्धवट आहे, आणि ‘कुकरला लावलं की सगळं मरतं’ हाही. कुठल्या भाजीला कशाची भीती आहे ते कळलं की पुढचं सोपं जातं.

बाजारात: जुडी उलटी करून बघा

बाजार समितीत पालेभाजीचा लिलाव शेकडा जुडीवर होतो. तिथून ती पंचवटीतल्या, सिडकोतल्या, गंगापूर रोडवरच्या विक्रेत्यांकडे येते. म्हणजे सकाळी दारावर आलेली जुडीसुद्धा काढून निदान बारा तास झालेले असू शकतात. एवढ्याने बिघडत नाही. पण तीच जुडी दुपारपर्यंत उन्हात पडून असेल आणि वर पाणी मारून टवटवीत केलेली असेल, तर तुम्ही पैसे पाण्याचे देता.

ओळखायचं कसं? वरची पानं बघू नका, जुडी उलटी करा. देठाचा कापलेला भाग ओलसर आणि फिकट हिरवा असेल तर भाजी ताजी. तो तपकिरी, सुकलेला किंवा बुळबुळीत झाला असेल तर वरचा टवटवीतपणा पाण्याचा आहे. मग बंधाच्या जागी बोट घालून बघा. जुडी तापते ती तिथे, आणि पहिली पिवळी, काळपट पानं तिथेच सापडतात. मेथी, कोथिंबीर मुळासकट मिळाली तर ती घ्या. मुळं काढलेल्या जुडीपेक्षा ती एखादा दिवस जास्त टिकते. माती झटकायचा त्रास होतो, तेवढा सोसावा.

बाकीच्या भाज्यांचं थोडक्यात. गवार, फरसबी वाकवल्यावर कट्‌कन मोडली पाहिजे. भेंडीचं टोक मोडावं, पण पिशवीत घालणार असाल तरच. विक्रेते उगाच चिडत नाहीत. लाल भोपळा अख्खा घेणं जमत नसेल तर समोर कापून घ्या. सकाळी कापून ठेवलेल्या फोडीचा कडेचा भाग कोरडा झालेला असतो. प्लास्टिकच्या डब्यात चिरून, सोलून ठेवलेली भाजी फार घाईच्या दिवसासाठीच ठीक. फ्लॉवर पाल्यासकट मागा. तो पाला विक्रेता तुमच्यासमोर तोडून फेकतो आणि गड्ड्याभोवतीची सर्वांत कसदार भाजी गाईच्या पुढ्यात जाते. मुळा, बीट, नवलकोलही पाल्यासकट घ्या. घरी आल्यावर मात्र पाला लगेच वेगळा करा, कारण तो कंदातलं पाणी ओढत राहतो आणि मुळा दोन दिवसांत पोकळ होतो.

हिरवे डाग पडलेला किंवा मोड आलेला बटाटा स्वस्त मिळाला तरी नको. त्या हिरव्या भागात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं आणि ते शिजवून जात नाही. कुठे एखादा बारीक डाग असेल तर जाडसर कापून टाका, अर्धा बटाटा हिरवा असेल तर सगळाच टाका.

हंगामाचं गणित नाशिककरांना नव्याने सांगायला नको. हिवाळ्यात वाटाणा, गाजर, मेथी, पालक, आवळा. पावसाळ्यात त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून बुधवारच्या बाजारात करटुली, कुर्डू, टाकळा, शेवळं येतात, ती आठवणीने घ्यावीत. या रानभाज्या शेतातल्या भाजीसारख्या चार दिवस साठवून दुसऱ्या गावाला जात नाहीत, काढल्या की विकायला येतात. फक्त शेवळं आणि अळू ओळखीच्या माणसाकडूनच शिकून करा. घशाला खाज आणणारे ऑक्झलेटचे सुईसारखे कण त्यांत असतात. चिंच, आमसूल किंवा काकड या आंबट रानफळाबरोबर नीट शिजवण्याला तिथे पर्याय नाही. इथे सत्त्व वाचवण्यासाठी घाई केली तर घसा धरतो.

किती आणायची? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूत्रांत मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरली आहेत. पालेभाजी त्या ४०० ग्रॅममध्येच आली. मेथीची जुडी निवडल्यावर वजनाने साधारण निम्मी उरते. त्यामुळे चौघांच्या घरात एका जुडीत ‘आज पालेभाजी झाली’ असं म्हणता येतं, पण हिशोब पुरा होत नाही. दुसऱ्या वेळेला एखादी फळभाजी आणि कोशिंबीर लागतेच.

घरी आल्यावर: धुऊन ठेवू नका

सगळ्यांत नेहमीची चूक हीच. भाजी आणली की धुवायची, निथळायची आणि पिशवीत बांधून फ्रिजमध्ये टाकायची. पानांमध्ये अडकलेल्या ओलाव्याने दुसऱ्या दिवशी ती बुळबुळीत होते. पालेभाजी न धुता, पिवळी-कुजकी पानं तेवढी काढून, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळा आणि फ्रिजच्या खालच्या खणात ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळायची सवय सोडलेली बरी, छपाईची शाई ओल्या पानाला लागते. आणलेली भाजी आधीच भिजलेली असेल तर पंख्याखाली अर्धा तास पसरा, मग गुंडाळा. मेथी, पालक, शेपू दोन ते तीन दिवसांत संपवा. कोथिंबीर झाकणाच्या डब्यात, तळाला आणि वर फडकं घालून ठेवली तर आठवडा जातो. फडकं ओलं झालं की बदलायचं, बस.

पिकलेली केळी, आंबे, सफरचंदं पालेभाजीच्या शेजारी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने पानं लवकर पिवळी पडतात. टोमॅटो कच्चट असेल तर बाहेर पिकू द्या, पूर्ण पिकला की मग फ्रिज. कांदा आणि बटाटा दोन्ही बाहेर, अंधाऱ्या हवेशीर जागी, पण एकमेकांपासून लांब. एका टोपलीत ठेवले की बटाट्याच्या ओलाव्याने कांदा सडू लागतो. लासलगावचा उन्हाळ कांदा चार-पाच महिने टिकतो, तो कांदा साठवायच्या, वारा लागणाऱ्या चाळीत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कांदा पंधरा दिवसांत कोंब काढतो.

वाटाण्याला वेगळी वागणूक द्या. शेंग तोडल्यापासून त्यातली साखर स्टार्चमध्ये बदलत जाते, क जीवनसत्त्वही घटतं. जानेवारीत स्वस्त झाल्यावर पाच किलो आणायचा आणि आठवडाभर थोडा थोडा सोलायचा, यात नुकसान आहे. आणला त्याच दिवशी सोला. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळा उकळवा, एका वेळी दोनच वाट्या दाणे टाका, दीड-दोन मिनिटांत झाऱ्याने काढून थेट बर्फाच्या पाण्यात घाला. निथळून, फडक्यावर कोरडे करून, ताटात एकेरी थरात गोठवा आणि मग पिशवीत भरा. उकळत्या पाण्याने दाण्यातली वितंचकं (एन्झाइम) निकामी होतात. ती जिवंत राहिली तर फ्रीझरमध्येही रंग आणि वास बिघडत जातो. पाच वाट्या एकदम टाकल्या तर पाणी थंडावतं आणि दाणे दोन मिनिटांऐवजी सहा मिनिटं नुसते कोमट पाण्यात पोहतात. त्यात सगळंच जातं.

धुणं आणि चिरणं, याच क्रमाने

आधी धुवा, मग चिरा. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

पालेभाजी नळाखाली धरून धुतली जात नाही, माती पानांच्या बेचक्यात तशीच राहते. रुंद पातेलं भरून पाणी घ्या, निवडलेली पानं अख्खीच त्यात सोडा, हाताने हलकेच घुसळा आणि अर्धा मिनिट थांबा. माती तळाला बसते. आता पानं वरच्या वर दोन्ही हातांनी उचलून दुसऱ्या पातेल्यात घ्या. पातेलं चाळणीत ओतू नका, ओतलं की तळाची माती परत पानांवर येते. असं तीन वेळा. तिसऱ्या वेळी तळ स्वच्छ दिसला पाहिजे. पावसाळ्यात चार-पाच वेळाही लागतं. पूर्ण काम पाच मिनिटांचं, तासभर भिजत घालायचं कारण नाही.

फ्लॉवरमध्ये अळीची धास्ती असते, म्हणून तो गरम पाण्यात उकळून पाणी फेकायची पद्धत आहे. त्याऐवजी मोठे तुरे काढा, कोमट पाण्यात चमचाभर मीठ घालून पाच ते सात मिनिटं उलटे बुडवा. अळ्या बाहेर येतात, तुरे अख्खे असल्याने फारसं काही विरघळत नाही. धुऊन झाल्यावर मग हवे तेवढे लहान करा.

फवारणीच्या औषधाबद्दल सारखं विचारलं जातं, विशेषतः द्राक्षांच्या दिवसांत. वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं हा पहिला आणि मुख्य उपाय. पृष्ठभागावरचा अंश कमी करायला लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून अख्खी फळं दहा-बारा मिनिटं ठेवून नंतर साध्या पाण्याने धुतली तर मदत होते. सालीच्या आत मुरलेलं मात्र कशानेच निघत नाही. द्राक्षमण्यावरचा पांढरट, बोटाने पुसला जाणारा थर म्हणजे औषधच असं नाही. ते द्राक्षाचं स्वतःचं नैसर्गिक मेण असतं आणि ते मण्यातलं पाणी राखतं. म्हणून घड धुऊन साठवू नका, खायच्या वेळी धुवा.

चिरताना विळी धारदार हवी. बोथट विळीने पान कापलं जात नाही, चेंगरतं, आणि पाटावर हिरवं पाणी साचतं. फोडी शक्य तितक्या मोठ्या ठेवा. जितकी बारीक चिराल तितका जास्त भाग हवेला आणि पाण्याला उघडा पडतो. साल काढायचीच असेल तर पातळ काढा. गाजर, काकडी, नवा बटाटा, बीट यांची साल घासून धुतली की पुरे. दोडक्याच्या शिरा आणि दुधीची कोवळी साल तीळ-मिरचीबरोबर परतून चटणी होते, ती कोणाला सांगायला नको. कांद्याचा मात्र कोरडा पापुद्रा तेवढाच काढा. कांद्यात ज्याचं नाव घेतलं जातं ते क्वेर्सेटिन हे गुणकारी द्रव्य बाहेरच्या थरांत जास्त असतं आणि घाईत आपण नेमका पहिला रसरशीत थर पापुद्र्याबरोबर ओढून काढतो.

दोन अपवाद आहेत, जिथे चिरून थोडं थांबणं फायद्याचं. लसूण ठेचून दहा मिनिटं तशीच ठेवा, मग फोडणीत टाका. लसणीतलं ॲलिसिन हे उग्र वासाचं द्रव्य अख्ख्या पाकळीत नसतं, ठेचल्यावर वितंचकाच्या क्रियेने तयार होतं, आणि गरम तेलात ते वितंचक लगेच मरतं. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरीचा पाला या कुळातल्या भाज्यांचंही तसंच: तिखटसर वास देणारी गंधकयुक्त द्रव्यं चिरल्यावर तयार होतात. कोबी चिरून फोडणीची तयारी होईपर्यंत दहा मिनिटं झाकून ठेवा. रात्रभर नव्हे.

शिजवणं: कमी पाणी, झाकण, मोजलेली वेळ

आपल्याकडची जुनी रीत इथे फार उपयोगी आहे: झाकणावर पाणी ठेवणं. कढईत तेल, फोडणी, भाजी. वर खोलगट ताटली, ताटलीत अर्धा पेला पाणी, गॅस बारीक. आतली वाफ गार ताटलीला लागून परत थेंब होऊन भाजीवर पडते. वरून पाणी घालावं लागत नाही, भाजी करपत नाही आणि जे विरघळलं ते सगळं कढईतच राहतं. भाजी कोरडी पडतेय असं वाटलं तर ताटलीतलंच गरम पाणी दोन चमचे घाला. थंड पाणी ओतू नका, शिजणं थांबतं आणि वेळ वाढते.

उकडायचंच असेल तर आधी आधण, मग भाजी. थंड पाण्यात भाजी घालून गॅस लावला की पाणी हळूहळू तापत असताना क जीवनसत्त्व मोडणारी भाजीतलीच वितंचकं बराच वेळ काम करत राहतात. उकळत्या पाण्यात ती काही सेकंदांत निकामी होतात. अख्खा सालीसकट बटाटा आणि बीट हे अपवाद, साल त्यांना सांभाळते. ती उकडल्यावरच सोला.

वाफवायला लागणारा वेळ, मध्यम फोडींसाठी, वाफ आल्यापासून मोजून:

पालक २ मिनिटं
मेथी, कांदापात ४ ते ५
कोबी ५ ते ६
फ्लॉवरचे तुरे ६ ते ७
फरसबी, गवार ८ ते १०
गाजर ८
लाल भोपळा ८ ते १०
शेवग्याच्या शेंगा १० ते १२

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. मुंबईच्या पाककृतीतली वेळ इथे अर्धा-एक मिनिट कमी पडू शकते. घड्याळापेक्षा सुरीचं टोक खुपसून बघा: टोक आत जावं, पण फोड फुटू नये.

आता तीच मेथी, न पिळता. जुडी निवडून, वर सांगितल्याप्रमाणे अख्खी धुऊन, निथळून घ्या. पानं साधारण २०० ग्रॅम भरतील. पाव वाटी मूगडाळ अर्धा तास आधी भिजवा. सहा लसूणपाकळ्या ठेचून बाजूला ठेवा. चमचाभर तेलात मोहरी, लसूण, दोन हिरव्या मिरच्या, मग निथळलेली डाळ. झाकणावर पाणी ठेवून डाळ बोटचेपी होईपर्यंत पाच-सहा मिनिटं. मेथी याच वेळी चिरायची, आधी नाही. डाळीवर मेथी घाला, पहिलं मिनिट झाकण न ठेवता परता. भाजीतली उडून जाणारी आम्लं वाफेबरोबर निघून जातात आणि रंग हिरवा राहतो. मग झाकण ठेवून तीन-चार मिनिटं. मीठ सगळ्यात शेवटी, पानं बसल्यावर. आधी ढिगावर अंदाजाने घातलेलं मीठ हमखास जास्त होतं आणि भाजीला पाणी सुटतं. कडूपणा डाळ आणि सुपारीएवढा गूळ पुरेसा ओढून घेतात. तरीही कडू लागत असेल तर भाजी जून होती, तिथे पिळून काही उपयोग नव्हता.

पालकाबाबत एक स्पष्ट करायला हवं. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं. ज्यांना कॅल्शियम ऑक्झलेटचे मुतखडे होतात, त्यांनी पालक भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकणं बरोबरच आहे, आणि किती खायचा ते डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी मोकळ भाजी किंवा डाळपालक करताना पाणी फेकायचं कारण नाही.

खाण्याचा सोडा भाजीत कधीच नको. रंग हिरवागार येतो, हरभरे पटकन शिजतात, पण क्षारामुळे क जीवनसत्त्व आणि ब-१ झपाट्याने नष्ट होतात. रंग राखायचा तर वेळ कमी करा. उलट चिंच, टोमॅटो, आमसूल यांच्या आंबटपणाने क जीवनसत्त्व थोडं जास्त टिकतं, मात्र भाजी शिजायला वेळ लागतो. म्हणून आंबट पदार्थ फोड मऊ झाल्यावर घाला.

भांडं कोणतं, यालाही महत्त्व आहे. लोखंडी कढईत, विशेषतः टोमॅटो किंवा चिंच असलेल्या भाजीत, लोह उतरतं आणि ते अंगी लागतं. ज्या घरात रक्त कमी असण्याची तक्रार आहे तिथे ही कढई रोज वापरात असावी. पण भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. कढईतच ठेवली तर काळी पडते आणि धातूची चव येते. कल्हई उडालेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात आंबट काही शिजवू नका. तांब्याच्या संपर्काने क जीवनसत्त्व भराभर मोडतं आणि अन्नात उतरणारं तांबं बाधतं ते वेगळंच.

कुकर वाईट नाही. दाब वाढल्याने आतलं तापमान ११५–१२० अंशांपर्यंत जातं, पण वेळ फार कमी लागते आणि हवा जवळजवळ नसते. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, डाळ-भाताबरोबर भाजीचा डबा लावून तीन-चार शिट्ट्या काढणं. शेवग्याला, दुधीला एवढी गरजच नाही. वरणात घालायचा दुधी वेगळा वाफवून शेवटी मिसळा. दोन, गॅस बंद करून कुकर तासभर तसाच ठेवणं. आतलं अन्न अजून शिजतंय. भाजी कुकरला लावायचीच तर डब्यात पाणी न घालता, एक शिटी, गॅस बंद आणि दाब आपोआप उतरताक्षणी झाकण उघडा.

गाजर, टोमॅटो, भोपळा यांना थोडं शिजणं मानवतं. शिजल्याने पेशींच्या भिंती सैल होतात आणि कॅरोटीन, टोमॅटोतलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य बाहेर पडतं. माणशी चमचाभर तेल पुरेसं. भाजीवर तवंग यायची गरज नाही. गाजराची कोशिंबीर असेल तर दाण्याचा कूट किंवा खोबरं हेच तिचं स्निग्ध. टोमॅटो-साराला साल काढून फेकू नका, मिक्सरमध्ये वाटून घ्या.

मिसळीच्या मटकीचं काय

नाशिकमध्ये मिसळ आणि पोषण हे शब्द एका वाक्यात आणले की लोक हसतात, पण मटकी खरोखर गुणी आहे. कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, मोड येताना ते तयार होतं. रात्री आठ तास भिजवा, ते पाणी टाका (हे पाणी टाकायला हरकत नाही, पोट फुगवणाऱ्या शर्करा त्यात उतरतात), ओल्या फडक्यात बांधून बारा तास ठेवा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत बारा तासांत मोड येत नाहीत. पुरचुंडी डब्यात घालून कोमट कुकरमध्ये किंवा पिठाच्या डब्याशेजारी ठेवा, चोवीस तास लागतील. मोड एक सेंटिमीटर झाले की पुरे.

एवढं करून ती कुकरला चार शिट्ट्या देऊन गाळ केली तर मोडांची मेहनत वाया. एक वाटी मोडांना पाऊण वाटी उकळतं पाणी, झाकण, बारीक गॅस, दहा ते बारा मिनिटं. दाणा अख्खा राहून दाबल्यावर दबला की झाला. हे पाणी रश्शात घाला. कच्चे मोड लहान मुलांना आणि गरोदर बायकांना देऊ नका. ओलाव्यात आणि उबेत जंतूही तितक्याच आनंदाने वाढतात.

ताटात लिंबू येतं ते नुसतं चवीला नाही. कडधान्यातलं लोह सहजी शोषलं जात नाही, क जीवनसत्त्वाच्या सोबतीने बरंच जास्त शोषलं जातं. लिंबू शेवटी, वाफ उतरल्यावर पिळा. आणि मिसळीवर लगोलग चहा घेऊ नका, त्यातली टॅनिन लोह अडवतात. तासभर थांबा. नाशिककरांना हा सल्ला पचणार नाही, पण खरा आहे.

फळं

द्राक्षं ही जिल्ह्याची शान आहे, पण क जीवनसत्त्वासाठी द्राक्षावर विसंबू नका; त्यात ते फारच कमी असतं. द्राक्षाची साल आणि बिया यांतली पॉलिफेनॉल ही त्याची खरी जमा, म्हणून साल थुंकू नये, काळ्या जाती अधूनमधून घ्याव्यात. क जीवनसत्त्व हवं तर पेरू. शंभर ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅमच्या वर, संत्र्याच्या कितीतरी पट. मोठ्या पुरुषाची दिवसाची गरज ८० मिलिग्रॅम आणि बाईची ६५ धरली जाते, म्हणजे एक लहानसा पेरू सालीसकट खाल्ला की काम झालं. डाळिंब सटाणा-मालेगावचं, चवीला उत्तम, पण ‘रक्त वाढवतं’ हा समज लाल रंगावरून आलेला आहे. त्यात लोह नगण्य असतं.

आवळ्यातलं क जीवनसत्त्व इतर फळांपेक्षा उष्णतेला बरंच टिकतं. वाफवायचा तर अख्खा, आठ-दहा मिनिटं, फाकळ्या सुटू लागेपर्यंत. पातेल्यातलं पाणी सरबतात वापरा. स्ट्रॉबेरीचा हिरवा देठ धुऊन झाल्यावर काढा. आधी काढला तर त्या भोकातून पाणी आत शिरतं आणि गोडीसकट सगळं पातळ होतं. रसापेक्षा फळ बरं, आणि रस काढलाच तर गाळू नका व दहा मिनिटांत प्या.

सातपूर-अंबडच्या डब्यासाठी

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जाणाऱ्यांचा सकाळच्या पाळीचा डबा सहाला निघतो आणि भाजी खाल्ली जाते दुपारी बाराच्या पुढे. यातून सगळं वाचवता येणार नाही, पण बरंच येतं. रात्री निवडून ठेवा, चिरू नका. मेथी खुडून न धुता फडक्यात, लसूण सोलून, मटकी मोड आणून तयार. सकाळी धुणं, चिरणं, शिजवणं वीस मिनिटांत होतं. गवार, घेवडा, तोंडली रात्री मोडून ठेवली तर पालेभाजीइतकं नुकसान होत नाही, घट्ट डब्यात, पाण्याशिवाय. डब्यासाठी पालेभाजीपेक्षा भोपळा, गाजर-वाटाणा, उसळ, बीट अशा गोष्टी निवडा, त्यातलं सत्त्व सहा तास बरं टिकतं. पालेभाजी रात्रीच्या जेवणाला गरम गरम करा आणि एकाच वेळची करा. पुन्हा पुन्हा गरम करताना फोलेट आणि क जीवनसत्त्व प्रत्येक वेळी घटतं.

चिरलेली कोशिंबीर डब्यात देऊ नका, दुपारपर्यंत ती पाणी सोडून बसते आणि ते पाणी कोणी पीत नाही. अख्खी काकडी, अख्खं गाजर, अर्धं लिंबू आणि छोटी सुरी असं वेगळं बांधा. लिंबाची कापलेली बाजू झाकली जाईल असं ते लहान डबीत उपडं ठेवलं की दुपारीही रस ताजा निघतो.

भाजी वाफवल्यावर पातेल्यात उरलेलं पाणी त्याच सकाळच्या कणकेत घाला. पालकाच्या पाण्याने पोळी हिरवट होते आणि मुलं कुरकुरतात. बिटाच्या पाण्याने गुलाबी होते, ती मात्र मागून खातात.